दोन सेंटीमीटरमध्ये साडेअकरा

“याले भोकं कोणी पाडले? चाचा, मी तुमाले विचारून राह्यलो, याले भोकं कोणी पाडले?”

हे मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा वडसा स्टेशनात उभी असलेली तांदळाची मालगाडी सिग्नल नसताना दचकून दोन डबे पुढे सरकली. दुकानावरून पोतं नेणारा हमाल पोतं रस्त्यात टाकून आत डोकावला. पानठेल्यावरची चार माणसं तोंडातला ऐवज सांभाळत दारात येऊन उभी राहिली. चाची आतून ओढणीला हात पुसत आली. चाचा मात्र शिलाई मशीनमागे बसले होते तसेच बसून होते. चेहरा असा, की आता गुरुजी ओरडणं संपवतील आणि शाबासकी देतील.

“म्याच पाडले,” चाचा म्हणाले. “दुसरा कोन पाडन? मोजून तं पाहा गुरुजी. साडेअकरा भरते.”

माझ्या हातात लात्विया देशाची चार जुनी पोस्टाची तिकिटं होती. दोन वर, दोन खाली, एकमेकांना जोडलेली चौकडी. जूनमध्ये मी ती याच हातांनी चाचांकडे ठेवायला दिली होती आणि तेव्हा तिला एकही भोक नव्हतं. भोक नसणं हाच तिचा गुण होता. आता उभी, आडवी, चारी कडांनी आणि मधोमध अशी भोकांची रांग होती की मच्छरदाणी लाजावी.

ज्यांना तिकिटांचा नाद नाही, म्हणजे जी सुखी माणसं आहेत, त्यांना थोडं सांगितलं पाहिजे. लात्विया हा बाल्टिक समुद्राकाठचा, आपल्या विदर्भापेक्षाही लहान देश. पहिलं महायुद्ध संपता संपता तो स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे झेंडा होता, सरकार होतं, फक्त कागद नव्हता. जर्मन सैन्याच्या नकाशांचे गठ्ठे तेवढे पडलेले होते. त्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर या लोकांनी आपलं पहिलं तिकीट छापून टाकलं. पुढून लाल रंगात सूर्य आणि धान्याच्या लोंब्या. उलटं केलं की कुठल्यातरी नदीचं वळण, अर्धी सडक, पाव गाव. एवढी अक्कलहुशारी मी पंचायत समितीतसुद्धा पाहिलेली नाही.

या तावांपैकी काहींना छापखान्यानं भोकं पाडली, काही तसेच विकले आणि लोकांनी कात्रीनं कापून घेतले. भोकांवरून फाडलं की तिकिटाच्या कडेला दाते राहतात. दोन सेंटीमीटरमध्ये किती दाते बसतात हे मोजायला एक पट्टी असते, तिला गेज म्हणतात. नकाशावाल्या तिकिटाचे दाते साडेअकरा भरतात. पुढे हाच सूर्य त्यांनी शाळेच्या वहीसारख्या रेघांच्या कागदावर छापला, पातळ कागदावर छापला, आणि प्रत्येक वेळी दाते असलेले, नसलेले असा घोळ घातला. तो घोळ म्हणजे माझं आयुष्य होतं. बायको म्हणायची की लग्नाच्या आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक. दाते असलेल्या तिकिटाचे दाते कात्रीनं छाटून ‘हे बिनदाती आहे’ म्हणणारे बदमाश जगात पुष्कळ. म्हणून बिनदाती तिकीट नेहमी जोडीत नाहीतर चौकडीत ठेवायचं. जोडलेल्या दोघांच्या मधून कात्री घातली तर जोडी राहत नाही. याच्या उलट जातीचा बदमाश म्हणजे बिनदात्याला दाते पाडून देणारा. हा दुसऱ्या जातीचा इसम वडशाला शिलाईचं दुकान चालवतो आणि गेली सहा वर्षं माझ्या पँटी शिवतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षांत, म्हणजे नव्वदीच्या उत्तरार्धात, मी भामरागडकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. तिथला पावसाळा म्हणजे तीन नद्या एकमेकींच्या घरी पाहुण्या जातात आणि पूल त्यांच्या पायाखाली असतो. रस्ता बंद, बस बंद, टपाल बंद. ओल इतकी की हजेरीपटावर अळंबी उगवायची. एकदा मी सातवीचा हजेरीपट उघडला आणि त्यातून बेडकानं ‘हजर’ म्हटलं. खोटं वाटत असेल तर त्या बेडकाला विचारा, तो पुढे दोन वर्षं शाळेत होता.

अशा जागी तिकिटं जमवणं म्हणजे पुरात पापड वाळवणं. तरी जमवत होतो. रिगाला ट्राम चालवणारा एक माणूस माझा पत्रमित्र होता. मी त्याला वाघांची, पक्ष्यांची तिकिटं पाठवायचो, तो मला त्याच्याकडची पाठवायचा. त्याचं एक पत्र निघालं तेव्हा त्याच्या पोरीचं लग्न ठरत होतं आणि ते माझ्या हाती पडलं तेव्हा तिला जुळं झालं होतं. त्याच पाकिटात ती चौकडी आली. त्यानं लिहिलं होतं, आमच्याकडे हे काही फार दुर्मीळ नाही. बरोबर आहे. ताडोबाच्या गेटवरच्या माणसाला वाघसुद्धा दुर्मीळ नसतो.

चौकडीच्या पाठीवर नदीचं एक वळण होतं, काठावर पाच-सहा घरं, आणि गावाच्या नावाची तीन अक्षरं. तिथं पूल होता की नाही ते कळत नव्हतं. मी मात्र ठरवून टाकलं होतं की नव्हता.

आता माझा बेत ऐका. डिसेंबरात चंद्रपूरला एका शाळेच्या हॉलमध्ये तिकिटांचं प्रदर्शन भरणार होतं. परीक्षक म्हणून नागपूरचे एक निवृत्त साहेब येणार होते. जुन्या लात्वियाचं त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही असं ते स्वतः म्हणत, आणि विदर्भात त्यांना खोटं पाडायला दुसरा माणूसही नव्हता. त्यांच्याकडे नकाशावाली, खरी, साडेअकरा दात्यांची दोन तिकिटं होती. पत्रानं आमचा सौदा ठरला होता. माझ्या चौकडीतली एक बिनदाती जोडी त्यांना, त्यांचं एक दातेरी तिकीट मला. म्हणजे माझ्या अल्बमच्या पानावर बिनदाती जोडी आणि तिच्या शेजारी दातेरी तिकीट, दोन्ही चौकोन भरले. सहा वर्षं ते पान अर्धवट होतं. प्रदर्शनात ते पहिल्यांदा पूर्ण दिसणार होतं. एवढीच माझी इच्छा होती. मला कोणी नोबेल द्या म्हणत नव्हतो.

तोवर चौकडीला पावसाळ्यातून जिवंत काढायचं होतं. वडसा माझी सासुरवाडी, पण तिथं ठेवायची सोय नव्हती. सासरे राईस मिलमध्ये होते आणि घरात उंदरांची तीन घराणी पिढीजात नांदत होती. त्यांना कागदाची आवड होती. म्हणून चाचा. चाचांच्या दुकानात कोळशाची इस्त्री दिवसभर तापलेली, हवा कायम कोरडी, आणि लग्नाचे कपडे ठेवायची पत्र्याची पेटी अशी की तिच्यातून वासही बाहेर पडत नसे. मी पाकीट दिलं आणि म्हणालो, “चाचा, याले ओल लागू देऊ नका.” ‘याले हात लावू नका’ असं म्हणालो नाही. ही माझी चूक. ‘याच्यावर मशीन चालवू नका’ असं म्हणायला पाहिजे, हे तर ब्रह्मदेवाच्याही डोक्यात आलं नसतं.

पाकिटात मी गेज ठेवलं होतं आणि सोबत एक चिठ्ठी. माझी सवय. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘नकाशावालं, बिनदाती: आहे. नकाशावालं, दाते साडेअकरा: नाही. फार पाहिजे.’ आणि ‘फार पाहिजे’खाली तीन रेघा.

“तुमीच लेहलं ना,” चाचांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. “फार पाहिजे म्हनून. तीन बार लकीर मारली.”

“चाचा, मले ते दुसरं पाहिजे होतं. हे नाई.”

“दुसरं कुठून येनार होतं बरसातीत? सामान घरातच होतं, मशीन घरात होती. मंग?”

मी चिठ्ठी ओढून घेतली आणि खिशात कोंबली.

चाचांचं म्हणणं समजायला वडशाचा हिवाळा पाहिलेला असावा लागतो. दिवाळी झाली की गावोगाव नाटकं सुरू होतात आणि सगळ्या कंपन्यांचा मुक्काम वडशात. छापखान्यातून तिकिटांचे गठ्ठे निघतात ते सपाट, बिनभोकांचे. ते चाचांकडे येतात. चाचा मशीनमधला दोरा काढतात आणि नुसती सुई कागदावरून चालवतात. टकटकटक, भोकांची रांग तयार. त्या रांगेवरून दारावरचा माणूस अर्धं तिकीट फाडून घेतो, अर्धं प्रेक्षकाच्या हातात राहतं. एका वर्षी एका कंपनीनं पैसे वाचवायला भोकं पाडलीच नाहीत. दारावर तिकिटं वाकडी फाटली, खुर्च्यांचे नंबर दोन तुकड्यांत गेले, आणि एका खुर्चीवर दोन गावं बसली. अक्षरशः दोन गावं. सरपंचांसकट. नाटकातल्या नायिकेनं स्टेजवरून खाली येऊन निवाडा केला, आणि तो निवाडा अजून मोडलेला नाही म्हणतात.

तेव्हापासून चाचांचा नियम होता. तिकिटासारखा दिसणारा कागद त्यांच्या दुकानातून बिनभोकाचा बाहेर जाणार नाही. “बिनभोकाचं तिकीट म्हनजे बिनकाजाचा कुर्ता,” ते म्हणायचे. “अर्धं काम गिऱ्हाइकाच्या हाती देनं हराम आहे.” माझी चौकडी त्यांनी पेटीतून काढून पाहिली असेल तेव्हा त्यांना त्या लात्वियाच्या छापखानेवाल्याची कीवच आली असणार. बिचाऱ्यानं काम अर्धवट टाकलं.

“तीन दिवस लागले,” चाची म्हणाली. ती माझ्या बाजूनं बोलते आहे की त्यांच्या, हे कधीच कळत नसे. “नाटकाची पुरानी इश्तेहारं घेऊन बसले. टाका मोठा करा, लहान करा. ते तुमचं पट्टी लावा. नऊ भरे, तेरा भरे. साडेअकरा काई भरेना.”

“मशीनचा टाक्याचा काटा सरकत होता,” चाचा म्हणाले. “मंग त्याच्याखाली आगपेटीची काडी अडकवली. मंग भरले.”

“नवरदेवाचा कुर्ता तसाच पडला होता,” चाची म्हणाली. “नवरदेवाचा बाप दोन बार येऊन गेला. यायनं सांगितलं, रुका, गुरुजीचं काम चालू आहे.”

दारातला हमाल म्हणाला, “एवढं केलं तं गुरुजी भडकून काऊन राह्यले?”

“तू पोतं उचल,” मी म्हणालो.

मी गेज घेतलं आणि मोजलं. मोजायला नको होतं. वर साडेअकरा, खाली साडेअकरा, डावीकडे साडेअकरा, उजवीकडे साडेअकरा. रिगाच्या छापखान्यालाही इतकं जमलं असेल की नाही देव जाणे. एखादी ओळ तरी वाकडी असती, एखादा टाका तरी सुटला असता, तर मला मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. माणसानं तुमचं घर जाळलं आणि राख मात्र सुरेख रांगोळीसारखी पसरून ठेवली, तर काय करायचं? चौकडी उलटी केली. सुई नदीच्या वळणातून गेली होती आणि त्या पाच-सहा घरांच्या बरोबर मधून. गाव दोन तुकड्यांत.

चाचीनं चहा दिला. तो मी रागानं प्यालो. साखर जास्त होती, त्याचाही राग आला. मग पाकीट खिशात घातलं आणि खुदा हाफिज न म्हणता निघालो. हे अजून बोचतं.

तिथून प्रदर्शनापर्यंतचे दिवस मी इतका चिडलेलो होतो की वर्गात पाढे म्हणताना अकरा आले की पोरं गप्प बसायची. साहेबांना पत्र लिहावं तर काय लिहावं? ‘आपला सौदा मोडला, कारण माझ्या शिंप्याला काम पूर्ण करायची सवय आहे’? चार ओळी लिहायचो, फाडायचो. आणि असं फाडता फाडता मनात एक किडा वळवळायला लागला. दाते तर साडेअकरा आहेत. कागद खरा, छपाई खरी, नकाशा खरा. भोकं तेवढी वडशाची. भोकात काय असतं? काही नसतं. जे नाहीच, ते खोटं कसं असेल?

हा विचार मला इतका आवडला की मी तो स्वतःलाच दोनदा ऐकवला.

चंद्रपूरला हॉलमध्ये टेबलं मांडली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. माझं पान काढलं. बिनदाती जोडीचा चौकोन रिकामा राहणार होता, त्याला इलाज नव्हता. पण शेजारचा, दातेरी तिकिटाचा, सहा वर्षांचा उपाशी चौकोन माझ्याकडे पाहत होता. मी चौकडी हातात धरली, डावीकडचं वरचं तिकीट चिमटीत पकडलं आणि फाडलं. इतकं अलगद सुटलं की आवाजसुद्धा आला नाही. ते चौकोनात लावलं. उरलेली तीन पाकिटात टाकली.

लांबून पान पूर्ण वाटत होतं. जवळून पाहू नये म्हणून मी टेबलासमोर उभाच राहिलो.

साहेब आले. बुटके, नीटनेटके, खिशात भिंग. त्यांनी मला नमस्कार केला आणि हातानंच बाजूला सारलं. भिंग लावून वाकले ते इतका वेळ वाकलेले राहिले की मला वाटलं कमरेत उसण भरली. मग चिमट्यानं तिकीट उचललं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

“गुरुजी,” ते म्हणाले, “हे कुठून मिळवलं?”

आता माझी जीभ सुटली. सुटली ती थेट रिगाला पोचली. मी सांगितलं की लढाईच्या धामधुमीत एका खेड्यातल्या पोस्टात बिनदाती ताव गेले. तिथल्या पोस्टमास्तरणीनं स्वतः, थंडीत, शेकोटीच्या उजेडात भोकं पाडली. बाहेर बर्फ इतका की घोडा शिंकला तर शिंक गोठून खाली पडे. तिचा नवरा आघाडीवर होता. तिच्याकडे ऐंशी पत्रं साचली होती. मी त्या बाईला एक लंगडा मुलगाही दिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. लंगड्या मुलापाशी मान डोलावली.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं.”

“हात इकडे आणा.” त्यांनी माझं बोट धरून तिकिटाच्या मागच्या कडेवरून फिरवलं. “खरखर लागते का? छापखान्याचं मशीन कागदाची टिकली काढून टाकतं. सुई टिकली काढत नाही, कागद नुसता मागं ढकलते. हे शिंप्याचं काम आहे. पण शिंपी हुशार आहे. दाते बरोबर आणलेत.”

मग मात्र मी खरं सांगितलं. वडसा, पेटी, चिठ्ठी, आगपेटीची काडी, सगळं. गंमत अशी की आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगत होतो आणि तेच जास्त खोटं वाटत होतं. साहेबांचा चेहरा मात्र उजळत गेला. त्यांनी पिशवीतून एक काळी वही काढली. आत नुसती खोटी तिकिटं. छाटलेले दाते, चिकटवलेले दाते, कंपासनं टोचलेले दाते.

“मी हेही जमवतो,” ते म्हणाले. “पण चौकडी? चारी बाजूंनी, मधूनसुद्धा मशीन चालवलेली, नकाशावाली? ही माझ्याकडे नाही. कोणाकडेच नसेल. गुरुजी, आपला सौदा कायम. ती चौकडी द्या, माझं खरं तिकीट घ्या. आणा.”

मी खिशातून पाकीट काढलं आणि टेबलावर उपडं केलं. तीन तिकिटं. एका कोपऱ्यात जागा मोकळी.

साहेबांनी त्या तीन तिकिटांकडे पाहिलं. मग चौकोनात लावलेल्या एकाकडे. मग माझ्याकडे. शांतपणे वही मिटली.

“पत्र टाकलं असतं तर,” ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

प्रदर्शन संपेपर्यंत मी तिथं बसून होतो. माझ्या पानापुढे लोक येत, सूर्य बघत, पुढे जात. एक बाई रिकाम्या चौकोनापाशी थांबून म्हणाली की इथलं चोरी गेलं वाटते. मी हो म्हणालो.

वडशाला गेलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. चाचांच्या डोक्यावर खापर फोडायचं बसमध्येच पक्कं केलं होतं. खापराचा आकार, वजन, फोडायची जागा, सगळं ठरलं होतं. ते कोणाचातरी झब्बा शिवत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी कसं ओळखलं, मागची खरखर, ती काळी वही, आणि मी एक फाडलं नसतं तर काय झालं असतं तेही. ते शेवटचं सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला, कारण तिथं खापराला दुसरं डोकं दिसायला लागलं. पान अर्धवटच राहिलं, म्हणालो. आता ते कधी भरेलसं वाटत नाही.

“मी म्हटलं होतं,” चाची म्हणाली. “गुरुजीचं नुकसान केलं तुमी.”

चाचांनी मशीन थांबवली. तीन तिकिटं हातात घेतली, उलटी केली, मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा. दाराच्या उजेडात धरून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.

“सोळा नंबरची सुई होती,” ते म्हणाले. “चौदाची बारीक लावाची होती.”